एकांतांतील विवाह व त्याचे साक्षी

विवाहाला साक्षी किती लागतात, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. कायद्याचें उत्तर सर्वांस ठाऊक आहे. १८७२ चा ख्रिस्ती विवाहाचा कायदा पाळकाशिवाय दोन साक्षी मागतो. त्यांच्या सह्या नोंदवहींत पडल्या कीं कायद्याचें समाधान होतें. आमच्या खेड्यांतील मंडळीचें मात्र इतक्यानें समाधान होत नाहीं. मांडव पाहिजे, पंगत पाहिजे, मामा पाहिजे. आणि हें सर्व टाळून जो दूर जाऊन लग्न करतो त्याच्याविषयीं आपण एवढेंच म्हणतों कीं, तो पळून गेला. ह्या शब्दांत निवाडा आधींच झालेला असतो.

आज ज्या लोकांची हकीकत सांगावयाची आहे ते फार दूरचे आहेत. उत्तर अमेरिकेंत, कानडा व संयुक्त संस्थानें ह्यांच्या सीमेजवळ, गोड्या पाण्याचीं पांच प्रचंड सरोवरें आहेत. त्यांतील सर्वांत मोठें जें सुपीरिअर, त्याचा विस्तार सुमारें ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून अधिक आहे. त्याच्या कांठीं वाळूचे किनारे आहेत, समुद्रासारख्या लाटा आहेत, आणि पलीकडचा तीर दिसत नाहीं. ह्या सरोवरांच्या प्रदेशाचे मूळ रहिवासी स्वतःस अनिशिनाबे म्हणवितात. ओजिब्वे, ओडावा व पोटावाटोमी ह्या त्यांच्या प्रमुख शाखा होत.

ह्या लोकांतील कांहीं वधूवरें अलीकडे मोठा समारंभ टाळून अशा एखाद्या किनाऱ्यावर विवाह करतात. सोबत एखादे वृद्ध गृहस्थ किंवा आजीबाई, कायद्यापुरते साक्षी, आणि बहुधा दुसरें कोणी नाहीं. सुगंधी वनस्पति जाळून तिचा धूर वधूवरांपुढें धरतात. तीं दोघें तो ओंजळीनें डोक्यावर व छातीवर घेतात. तंबाखू, सीडर, सेज आणि वेणी घालून वाळविलेलें एक गोड वासाचें गवत, ह्या चार वनस्पति ते लोक पवित्र मानतात. तंबाखूचें नांव वाचून आमचे वाचक दचकतील, कारण आपल्याकडे ती चघळण्याची व थुंकण्याची वस्तु आहे. तेथें चिमूटभर तंबाखू जमिनीला किंवा पाण्याला अर्पण करणें ही विनंति करण्याची व उपकार मानण्याची रीत आहे. पाण्याची राखण त्यांच्यांत स्त्रियांकडे असते. जोसेफिन मँडामिन नांवाच्या अनिशिनाबे आजीबाईंनीं २००३ सालीं हातांत पाण्याची तांब्याची बादली घेऊन सुपीरिअर सरोवराला पायीं प्रदक्षिणा घातली, व पुढील वर्षांत इतर सरोवरांनाही. ज्या लोकांचें पाण्याशीं असें नातें आहे त्यांची वधू पाण्याकडे तोंड करून वचन देते, तेव्हां आपण एकटी आहों असें तिला वाटत नाहीं.

आमचे उपदेशक बंधु विचारतील कीं, पाणी साक्ष कशी देईल? परंतु यहोशवानें शखेमांत धोंडा उभा करून, ह्यानें सर्व ऐकलें आहे, असें लोकांस सांगितलें, तेव्हां धोंड्याला कान कोठें होते, असें आपण कधीं विचारीत नाहीं. मुक्या वस्तूला साक्षीस ठेवणारा मनुष्य त्या वस्तूची पूजाच करतो असें नाहीं. उद्यां त्या वाटेनें जातांना आपल्या वचनाची आपणांस आठवण व्हावी, एवढें तो निश्चित करून ठेवतो.

तथापि जुन्या रीतीचा मान राखणें म्हणजे काय, हें पाहूं गेल्यास गोष्ट अवघड होते. पूर्वीं अनिशिनाबे लोकांत लग्नाचा मोठा विधि नव्हताच. तरुण शिकार करून ती मुलीच्या आईबापांस नेऊन देई. त्यांनीं त्यास आपल्याबरोबर जेवावयास बसविलें म्हणजे होकार समजावा. मग तो बराच काळ, पुष्कळदां वर्षभर, भूर्जाच्या सालीनें शाकारलेल्या त्यांच्या घरीं राहून त्यांच्यासाठीं शिकार करी. एका दोदेमांतील, म्हणजे एका कुळांतील, मुलामुलींचा विवाह होत नसे. तेव्हां गर्दी नसणें हें रीतीविरुद्ध नाहीं. परंतु धूर व तंबाखू हींच रीत, असेंही नाहीं. रीत होती ती सासूसासऱ्यांच्या डोळ्यांपुढें काढलेल्या त्या वर्षाची. सुगंधी गवत किनाऱ्यावर नेतां येतें, तें वर्ष नेतां येत नाहीं.

असें आम्ही लिहिलें खरें, पण लिहितांना लेखणी अडखळली. त्या तरुणांनीं कोणत्या आईबापांस विचारावें? कानडांत दीड लाखांहून अधिक आदिवासी मुलें वसतिशाळांत घालण्यांत आलीं. शेवटच्या शाळा १९९० नंतरच्या दशकांत बंद झाल्या. तेथें मुलांस आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होई. जें मूल आईजवळ वाढलेंच नाहीं तें पुढें आई झाल्यावर आपल्या मुलीस कोणती रीत शिकविणार? आणि ह्या शाळा बहुतांशीं ख्रिस्ती मंडळ्यांनीं चालविल्या. १८९५ सालीं कानडाच्या सरकारनें कायदा वाढवून आदिवासींचे कित्येक समारंभ गुन्हा ठरविले. ती बंदी १९५१ पर्यंत राहिली. त्या काळीं जें टिकलें तें लपून टिकलें. १९८६ सालीं कानडाच्या संयुक्त मंडळीनें, आपण पाश्चात्य चालीरीतींलाच शुभवर्तमान समजलों, असें कबूल करून त्या लोकांची क्षमा मागितली. आम्ही पाळक आहों, म्हणून ही गोष्ट परक्याची म्हणून सांगतां येत नाहीं.

खुद्द विवाहाचाही अर्थ सरकारी वहीनें ठरविला. मॅनिटूलिन बेटावरील जेनेट कॉर्बिएर लावेल ह्या अनिशिनाबे बाईंनीं १९७० सालीं एका गोऱ्या गृहस्थाशीं लग्न केलें, तेव्हां त्यांचें नांव आदिवासींच्या यादींतून कमी झालें. तेथील पुरुषानें गोरी बायको केली तर त्याचें नांव राही, उलट त्या बायकोचें नांव यादींत चढे. बाई न्यायालयांत गेल्या. १९७३ सालीं वरिष्ठ न्यायालयानें निकाल त्यांच्याविरुद्ध दिला. कायदा बदलला तो १९८५ सालीं. जेथें लग्नाच्या एका सहीनें बाई आपल्याच लोकांस परकी होत असे, तेथें आज कोणी वहीपासून दूर, आजीच्या साक्षीनें, पाण्याजवळ उभें राहूं इच्छितें, तर त्यास पळून जाणें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. आजोबांना जें लपवावें लागलें तें नातू उघड्या आकाशाखालीं करतो. एकांत तोच दिसतो, पण त्याचें कारण निराळें आहे.

राहतां राहिला त्या वर्षाचा प्रश्न. किनाऱ्यावरून परत आल्यावर हीं दोघें कोणाच्या दारीं जातात, ह्यावर आमचें मत अवलंबून राहील. ज्यांचीं आईबापें हयात आहेत व प्रेमळ आहेत, आणि केवळ गडबड नको म्हणून ज्यांनीं त्यांस टाळलें, त्यांनीं धूर घेतला तरी आजोबांची रीत घेतली नाहीं, असें आम्हांस वाटतें. कोणी ह्यास कठोरपणा म्हणेल. म्हणो बापडा.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे एक जोडपें आलें. “पाळकसाहेब, दोन साक्षी आणले आहेत, लग्न लावून द्या, पंगतीला पैसा नाहीं,” असें मुलगा म्हणाला. मुलीची आई ह्या लग्नाला राजी नव्हती. दोघें वयांत आलेलीं होतीं, सूचना वाचून झाली होती. आम्हीं लग्न लावलें, आणि पुष्कळ दिवस आमच्या मनाला टोचणी राहिली. दुसऱ्या दिवशीं पहांटे तीं दोघें मुलीच्या आईच्या दारीं जाऊन बसलीं, हें आम्हांस मागाहून कळलें. म्हातारीनें बराच वेळ दार उघडलें नाहीं. मग उघडलें, जांवयाकडे पाहिलें, आणि रिकामी घागर त्याच्यापुढें ठेवून म्हणाली, “आलाच आहेस तर आधीं विहिरीवरून पाणी आण.”