गाइडच्या वर्गात सुनावलेले चार शब्द

बसा सगळे. आणि मोबाइल आधी खिशात घाला.

आज सकाळी जिप्सीत मागच्या बाकावर मी होतो. नाल्याच्या काठाशी रानकुत्र्यांचा कळप उभा होता. तांबूस अंग, काळ्या झुपक्याच्या शेपट्या. गाइडसाहेब काय म्हणाले? ‘‘काही नाही, कुत्रेच आहेत. पुढे वाघाचा कॉल आलाय, चला.’’ शाबास! जगात विणीच्या वयाचे रानकुत्रे जेमतेम हजार-दोन हजार उरले असावेत, असा अंदाज आहे. वाघ एकट्या भारतातच २०२२ च्या अंदाजानुसार ३,६८२ आहेत. म्हणजे जास्त दुर्मिळ जनावर टाकून तुम्ही पर्यटकांना पुढे पळवलंत. नागझिऱ्यात गाइड म्हणवता ना स्वतःला?

एक बाई म्हणाल्या, ‘‘जिवंतच फाडतात हो, किती क्रूर!’’ त्यावर तुम्ही मान डोलावलीत. अरे, पंधरा-वीस किलोचं जनावर ते. वाघासारखं नरडं धरून सांबर लोळवणार कसं? भराभर खाल्लं नाही, तर वाघ-बिबट्या येऊन शिकार हिसकावतो. हेच रानकुत्रे बिळापाशी परतून पिल्लांपुढे मांस ओकतात आणि मोठी झालेली पिल्लं शिकारीवर आली की त्यांना आधी खाऊ देतात. हे सांगायला जीभ जड झाली होती का? इंग्रजी अमदानीत यांना मारणाऱ्याला बक्षीस मिळायचं. ती बक्षिसं बंद झाली, तिरस्कार तेवढा तुमच्या तोंडी उरला.

आणि गेटवर पर्यटकांचे उरलेले पराठे गावच्या कुत्र्यांपुढे कोण टाकतं? मान वर करा! तीच कुत्री जंगलातल्या नाल्यावर पाणी प्यायला जातात. त्यांच्याकडून डिस्टेंपर, रेबीज रानकुत्र्यांत शिरला, तर सतत एकमेकांचं तोंड चाटणारा अख्खा कळप गारद होईल. नवेगाव आणि नागझिऱ्याच्या मधून जनावरांची वाट तोडत हायवे जातो, तो तुमच्या हातात नाही. डब्यातलं खरकटं आहे ना?

कळप दिसला की इंजिन बंद. त्यांची शीळ पर्यटकांना ऐकू द्या. हिवाळ्यात पिल्लं असतात, तेव्हा बिळाच्या आसपास गाडी न्यायची नाही. कुणी नोटा दाखवल्या तरी नाही.

उद्या सकाळी तोंडी परीक्षा. रानकुत्र्यावर पाच मिनिटं बोलता आलं नाही, तर जिप्सीत चढायचं नाही. निघा आता.