एकांत कुणाच्या जिवावर?

बॉस्टनला राहणाऱ्या ओळखीतल्या एका मुलाने परवा फोनवर सांगितलं, "काका, जानेवारीसाठी केप कॉडला समुद्रकाठचं एक कॉटेज घेतलंय. बर्फ पडेल, रस्ते ओस असतील. कुणाची गरजच लागणार नाही." बेत चांगला होता, पण ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. कुणाची गरज लागू नये म्हणून माणसाने ऐन बर्फात समुद्राच्या तोंडाशी जाऊन राहावं, या विचारातच काहीतरी खोट आहे असं वाटत राहिलं.

शहरातला गोंगाट, हातातला फोन, मनाला न मिळणारी उसंत, हे सगळं वाचक जाणतात. त्याबद्दल त्या मुलाशी माझं भांडण नाही. मला बोलायचंय ते सोय आणि बेगमी यांतल्या फरकाबद्दल. सोय दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेली असते, म्हणून ती दिसत नाही. बेगमी आपण करतो, आणि करताना पुढे काय काय अडणार आहे ते एकेक करून डोळ्यांपुढे आणावं लागतं. कोकणात आगोटीची लाकडं, सुकी मासळी, आमसुलं भरणारी बाई चार महिन्यांचा पाऊस मे महिन्यातच मनाने जगून घेते. केप कॉडवर ही वेळ पानगळीत येते. तिथली कितीतरी जुनी कॉटेजं फक्त उन्हाळ्यापुरती बांधलेली आहेत. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि पाइप फोडतं, म्हणून उन्हाळी पाहुणे परतताना मुख्य झडप बंद करून पाइप रिकामे करून जातात. हिवाळ्यात राहणाऱ्याला हेच घर जागं ठेवायचं असतं. वादळात वीज गेली तर ऊब कशाची, पाणी कुठून, रस्त्यावरचा बर्फ कोण काढणार, याची उत्तरं त्याच्याकडे आधीच हवीत. आणि या प्रत्येक उत्तरात एक माणूस उभा असतो.

यावर त्या मुलाने हेन्री बेस्टनचं नाव घेतलं. हा माणूस पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर होता. 1925 मध्ये त्याने केप कॉडवरच्या ईस्टहॅमच्या वाळूच्या टेकडीवर दोन खोल्यांचं, दहा खिडक्यांचं घर बांधून घेतलं. पुढच्या सप्टेंबरात दोन आठवड्यांसाठी म्हणून गेला आणि हिवाळा तिथेच काढला. त्यातून 1928 मध्ये 'द आउटरमोस्ट हाउस' हे पुस्तक आलं. "तो राहिलाच ना एकटा?" असं मुलाचं म्हणणं.

राहिला, पण कसा, ते त्याच पुस्तकात आहे. त्याच्या घराच्या उत्तरेला दोनेक मैलांवर तटरक्षक दलाचं नॉसेट ठाणं होतं. तिथले जवान रोज रात्री, बर्फ असो की वादळ, किनाऱ्याने पायी गस्त घालत. एखादं जहाज किनाऱ्याच्या फार जवळ आलेलं दिसलं की लाल ज्योत पेटवून त्याला सावध करत. जाता-येता ते बेस्टनकडे डोकावत. तो चूल फुलवून त्यांना कॉफी देई. पाव-लोणी आणायला एक मित्र आठवड्यातून दोनदा ठाण्यावर मोटार घेऊन येई, आणि बेस्टन सामान पाठीवर टाकून वाळूतून घरी परते. तो तिथे पोचला तेही या जवानांमुळेच. 1923 मध्ये त्याने त्यांच्या गस्तीवर एका मासिकासाठी लेख लिहिला होता. आणि त्या हिवाळ्याने हे काम किती गरजेचं आहे तेही दाखवलं. मार्च 1927 मध्ये 'माँटक्लेअर' हे शिडाचं जहाज शेजारच्या ऑर्लिन्सच्या किनाऱ्यावर आदळून फुटलं आणि पाच खलाशी बुडाले. बेस्टनचा एकांत खरा होता, यात मला शंका नाही. पण त्याच्याभोवती माणसं जागत होती, आणि त्याने ते लपवलं नाही.

इथे जरा वाट सोडून बर्फ आणि भरती यांच्याकडे वळतो, कारण या किनाऱ्याचं खरं वैभव तेच आहे. समुद्राचं पाणी खारटपणामुळे उणे 1.8 अंशांच्या आसपास गोठतं, आणि उघडा अटलांटिक तितका थंड क्वचितच होतो. म्हणून बाहेरच्या किनाऱ्यावर बर्फ पडला तरी भरती तो रोज धुऊन नेते. वर पांढरी टेकडी, खाली ओली काळपट वाळू, आणि मध्ये पाणी कुठवर आलं होतं ते सांगणारी रेघ. केप कॉडच्या या द्वीपकल्पाच्या दुसऱ्या अंगाला, उथळ उपसागरात, कडक हिवाळ्यात बर्फाच्या लाद्या साचतात. म्हणजे काही मैल चाललं की दोन निराळे समुद्र भेटतात. हे पाहायला कुणी शेकडो मैल आलं तर त्याला नावं ठेवण्याची माझी तयारी नाही.

मात्र याच समुद्राने बेस्टनचं ते घर नेलं. 1964 मध्ये त्या घराला राष्ट्रीय साहित्यिक स्मारकाचा मान मिळाला, आणि 1978 च्या फेब्रुवारीतल्या हिमवादळात ते वाहून गेलं. ईशान्येकडून येणारी अशी वादळं भरतीमागून भरती पाणी किनाऱ्यावर लोटत राहतात. एरवीही तिथला कडा दरवर्षी सरासरी 3 फुटांच्या आसपास मागे सरतो. त्या किनाऱ्यावर कुणीच कायमचा मालक नाही.

एवढं सगळं जमवून मी त्याला "जाऊ नकोस" म्हणणार होतो. पण विचार करता करता उलट बाजूलाच येऊन पोचलो. शहरातल्या सदनिकेत आपल्याला जगवणारी माणसं हजारोंनी असतात आणि त्यांतलं एकही दिसत नाही. म्हणून तिथे 'मला कुणाची गरज नाही' असं म्हणणं सोपं जातं. हिवाळ्यातल्या ओस किनाऱ्यावर तीच माणसं बोटांवर मोजता येतात: बर्फ काढणारा, वीजतारा जोडणारा, दूध-पाव विकणारं एकमेव उघडं दुकान, पलीकडच्या घरात वर्षभर राहणारी म्हातारी. आपण कुणाकुणाच्या जिवावर जगतो हे कळायला याहून चांगली जागा नाही. एकांताचं मोल मला यातच दिसतं.

तेव्हा जा. मात्र निदान एक वादळ अंगावर घेईपर्यंत राहा. पोचल्यावर सामान लावण्याआधी शेजारचं दार ठोठाव, आपलं नाव सांग, त्यांचं विचारून घे. आणि वीज गेली की त्यांच्याकडे आधी जाऊन ये. मग स्वतःची शेगडी पेटव.