भिंतीची बाहेरची बाजू

एसी थंडी तयार करत नाही. थंडी नावाची कुठली वस्तूच नसते, जी यंत्रात तयार होऊन खोलीत यावी. एसी करतो ती निव्वळ हमाली. खोलीतली उष्णता उचलायची आणि भिंतीपलीकडे नेऊन टाकायची. आतल्या नळ्यांमध्ये द्रवाचा वायू होताना तो खोलीतली उष्णता शोषतो, बाहेरचा कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, दाबल्यावर तो तापतो, आणि मग पंखा ती सगळी उष्णता गल्लीत फेकतो. या हमालीला वीज लागते आणि तीही शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे खोलीतून जेवढी उष्णता निघाली, त्याहून जास्त गल्लीत पडली. अमेरिकेतल्या फिनिक्स या वाळवंटी शहराबद्दलचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. एसींनी बाहेर टाकलेल्या उष्णतेमुळे तिथल्या रात्री काही भागांत एक अंशाहून अधिक गरम होतात, असं त्यात दिसलं.

हवामानबदलाबद्दल मराठीत जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात हिमनद्या वितळतात, ध्रुवीय अस्वलं बर्फाच्या तुकड्यावर उभी असतात, आणि शेवटी झाडं लावा असं सांगितलं जातं. या सगळ्यापेक्षा मला तो भिंतीवर टांगलेला, घरघरणारा डबा जास्त बोलका वाटतो. त्यात सगळा प्रश्न आहे. आतल्या माणसाला मिळालेला आराम खरा आहे, बाहेरच्या माणसाला मिळालेली झळ खरी आहे, आणि मध्ये एक भिंत आहे. या दोघांचं एकमेकांशी नातं काय?

नेहमीचं उत्तर असतं 'जनजागृती'. या शब्दात एक गृहीतक दडलेलं आहे, की जन झोपलेले आहेत. पण नक्की कोण झोपलंय? युनिस फूट या अमेरिकन बाईंनी १८५६ साली काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं जास्त तापतं हे नोंदवलं. हवेतला हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित स्वांते अऱ्हेनियसने १८९६ सालीच केलं होतं. १९५८ साली हवाईच्या मौना लोआ डोंगरावर रोजची मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण ३१५ भाग होते. आज ४२० च्या वर आहेत. माहिती इतकी जुनी आहे की तिचा वर्धापनदिन साजरा करावा.

आणि ज्याला ही माहिती नाही, त्याला जाग नाही असं थोडंच आहे? चंद्रपुरात नवतपा सुरू झाला की माणूस दुपट्ट्याने डोकं-कान गुंडाळतो, खिशात कांदा ठेवतो, पहाटे कामाला लागतो आणि अकराच्या आत सावली गाठतो. गाठता आली तर. त्याला कसली जागृती करणार? जो सगळ्यात जास्त जागा आहे त्याच्या हातात काही नाही, आणि ज्याच्या हातात काही आहे त्याला रात्रभर छान झोप लागते, कारण खोलीचं तापमान बावीस अंश आहे.

चंद्रपूरचं नाव उगाच घेतलेलं नाही. देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांत त्याची गणना होते, मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांना सहज टेकतो. त्याच चंद्रपूरच्या पोटात कोळसा आहे आणि काठावर महानिर्मितीचं सर्वांत मोठं औष्णिक वीज केंद्र आहे, २,९२० मेगावॅटचं. तिथून एक उच्चदाबाची वाहिनी निघते ती सुमारे साडेसातशे किलोमीटर पश्चिमेला ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला, मुंबई महानगराच्या वेशीवर येऊन थांबते. १,५०० मेगावॅट वाहून नेण्याची तिची क्षमता. ग्रिडमध्ये शिरलेली वीज कुठून आली हे कुणाला सांगता येत नाही हे खरं, पण तारा कुठून कुठे जातात हे तर नकाशावर दिसतं. राख, धूर आणि खाणीची धूळ एका टोकाला, एसीची गार हवा दुसऱ्या टोकाला. भिंत कधी नऊ इंचाची असते, कधी साडेसातशे किलोमीटरची.

आता मी एकट्याने एसी बंद केला तर? काहीही होणार नाही. हे उत्तर प्रामाणिक आहे आणि त्याच्यापाशीच बहुतेक चर्चा संपते. जोनाथन ग्लोव्हर या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९७५ साली याच उत्तराची तपासणी करायला एक गोष्ट रचली. एका गावात शंभर माणसं जेवायला बसली आहेत, प्रत्येकाच्या वाडग्यात शंभर घेवडे. शंभर सशस्त्र दरोडेखोर येतात, प्रत्येक जण एकेक वाडगा पळवतो. पुढच्या आठवड्यात तेच दरोडेखोर परत येतात, पण आता त्यांना सदसद्विवेकबुद्धी टोचू लागलेली आहे. म्हणून प्रत्येक दरोडेखोर प्रत्येक वाडग्यातून एकच घेवडा उचलतो. एका घेवड्याने कुणाचं पोट रिकामं राहतं? प्रत्येक दरोडेखोर निर्दोष, आणि शंभरच्या शंभर वाडगे रिकामे.

ग्लोव्हरला म्हणायचं होतं की नुकसान जाणवत नाही म्हणून ते नसतं असं नाही, त्याचा आपल्या वाट्याचा अंश मोजलाच पाहिजे. मला हे पटतं, पण अर्धंच. कारण आपल्या जगात सगळे दरोडेखोर एकेक घेवडा घेत नाहीत. कुणी मूठभर घेतो, कुणी पोतं घेऊन आलेला असतो, आणि पोतंवाला एकेका घेवड्याचा हिशोब इतरांना शिकवत असतो. हे मी अलंकारिक बोलत नाही. 'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द घरोघरी पोचवण्यात सर्वांत मोठा हात ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीच्या जाहिरातींचा होता. २००४ च्या सुमारास तिने लोकांना आपापला ठसा मोजून देणारं यंत्रच वेबसाइटवर टाकलं. तुम्ही किती चाललात, किती दिवे जाळले, सांगा. तेल किती उपसलं, हा प्रश्न त्या फॉर्मात नव्हता.

पोत्यांचा हा फरक जगाच्या पातळीवर ठणकावून सांगितला तो दिल्लीतून. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली एका अहवालात लिहिलं, की भातखाचरांतून आणि गुराढोरांतून निघणारा मिथेन आणि श्रीमंत देशांतल्या मोटारींचा धूर एकाच तागडीत टाकणं हा अन्याय आहे. पहिलं जगण्यासाठी आहे, दुसरं चैनीसाठी. पुढे हेन्री शू या अमेरिकन तत्त्वज्ञाने हाच भेद नीट मांडला. युक्तिवाद भक्कम आहे. आपल्याकडे त्याचा उपयोग मात्र विचित्र झाला. दिल्लीतल्या गरिबाच्या नावावर वाचवलेला हक्क दिल्लीतल्याच श्रीमंताने वापरायचा, असा. भारताचं दरडोई उत्सर्जन कमी आहे, हे वाक्य सगळ्यात जोरात तो म्हणतो ज्याचं स्वतःचं त्या सरासरीच्या कितीतरी पट आहे. सरासरी कमी ठेवण्याचं काम कूलरसुद्धा नसलेली घरं करतात. आपल्या देशात एसी असलेलं घर ढोबळमानाने दहात एक.

मग एसी चैन आहे का? इथे मला सरळ उत्तर देता येत नाही. फेब्रुवारीतल्या पुण्यात खिडकी उघडण्याचा कंटाळा म्हणून लावलेला एसी चैनच. पण विदर्भात पत्र्याच्या खोलीत दोन दिवसांची बाळंतीण असेल तर? कूलर आणि वाळ्याच्या ताट्या यांवर विदर्भाने पिढ्यानपिढ्या उन्हाळे काढले, कारण तिथली हवा कोरडी आणि पाणी पटकन उडतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कूलर म्हणजे नुसता आवाज. घाम सुकणंच थांबलं की शरीराकडे दुसरा उपाय उरत नाही, आणि मग आकडा अडतीसचा असला तरी माणूस दगावतो. उन्हाळे असेच वाढत गेले तर आज चैन असलेली गोष्ट अनेकांसाठी औषध होणार आहे. ते औषध त्यांना मिळू नये असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? तेही ज्याच्या घरात दोन टन थंडावा आहे त्याने?

श्रावण सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवते. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा होता. हुकूम सुटला, घरात थेंब न ठेवता सगळं दूध देवळात. तान्ही मुलं रडली, वासरं हंबरली, गाभारा काही भरेना. मग एक म्हातारी आली. तिने आधी मुलाबाळांना, सुनांना, गाईवासरांना तृप्त केलं होतं आणि उरलेलं खुलभर दूध आणलं होतं. तेवढ्याने गाभारा भरला. लहानपणी ही भक्तीची गोष्ट वाटते. मोठेपणी मला ती क्रमाची गोष्ट वाटते. आधी वासरू, मग देव. सगळ्यांनी सारखाच त्याग करावा हा हुकूम राजाला नेहमी न्याय्य वाटतो, कारण राजाच्या घरचं वासरू उपाशी राहत नाही. पण म्हातारीसुद्धा उरलेलं दूध घेऊन गेलीच की. आम्ही आधी तृप्त होऊ, मग बघू, असं म्हणून ती घरी बसली नाही. आणि तृप्ती म्हणजे किती, हे तिला ठाऊक होतं. आपलं अडतं ते तिथे.

व्यक्तीने अपराधी वाटून घ्यावं, यावर माझा फारसा विश्वास नाही. अपराधी वाटणं स्वस्त असतं, शिवाय त्यातून माणूस कापडी पिशवी घेऊन मोकळा होतो. त्यापेक्षा खरोखर तापमानवाढ कशाने मंदावली याकडे पाहावं. ओझोनच्या थराला पडलेल्या भोकाची बातमी १९८५ मध्ये आली, दोन वर्षांत माँट्रियल करार झाला आणि फ्रीज-एसीतले क्लोरोफ्लुरोकार्बन बंद होत गेले. हे वायू उष्णताही प्रचंड धरून ठेवत, त्यामुळे ओझोन वाचवताना पृथ्वीचं तापणंही बरंच टळलं. त्या काळात कुणी फ्रीज वापरल्याबद्दल खजील झाल्याचं आठवत नाही. गॅस बदलला, कारखाने बदलले, फ्रीज राहिले.

पुढचा अध्याय अजून चालू आहे. त्यांच्या जागी आलेले हायड्रोफ्लुरोकार्बन ओझोनला निरुपद्रवी, पण तापवण्यात तसेच जहाल. त्यांना आवर घालायचं २०१६ साली रवांडातल्या किगाली इथे ठरलं. ते नीट पाळलं तर शतकाअखेरीस अर्ध्या अंशापर्यंतची वाढ टळेल असा अंदाज आहे. भारताने २०२१ मध्ये त्याला मंजुरी दिली, आपली कपात २०२८ पासून वापर गोठवून सुरू होईल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जाईल. हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात तो गॅस आपल्या गॅलरीत असतो. आर-४१०ए हा गॅस किलोभर हवेत सुटला तर तो दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. दीड टनाच्या एसीत साधारण तेवढाच गॅस असतो. कोळशाच्या विजेने दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडायचा तर दोन हजारांहून अधिक युनिटं जाळावी लागतात. घर बदलताना एसी काढायला आलेला मेकॅनिक घाईत असेल तर नट सैल करून सगळा गॅस फुस्सकन सोडून देतो. दहा मिनिटं देऊन तो गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून बंद करता येतो, त्याला मेकॅनिक 'पंप डाउन' म्हणतात. वर्षभर २२ ऐवजी २६ वर एसी चालवण्याचं पुण्य त्या एका फुस्समध्ये जाऊ शकतं. जागृती करायचीच असेल तर इथे करा. आर-२९० म्हणजे प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. तो वापरणारे एसी भारतात दहा वर्षांहून अधिक काळ मिळतात आणि त्यांचा हवेवरचा भार नगण्य आहे. दुकानात किती जण विचारतात? आपण स्टार मोजतो, हप्ता मोजतो.

आणि गारवा म्हणजे फक्त एसी, हे कुणी ठरवलं? सावली हीसुद्धा वाटपाची गोष्ट आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा भरदुपारी झाला. व्यासपीठावर छत होतं, समोरच्या लाखोंच्या डोक्यावर नव्हतं. चौदा माणसं गेली. त्यांना उन्हाची माहिती नव्हती असं कुणी म्हणू शकेल? अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले, तेव्हा महापालिकेने २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला. आधी इशारा, दवाखान्यात तयारी, पाण्याची सोय, पुढे गरीब वस्त्यांच्या छपरांना चुन्याची सफेदी. चुना काही नवं तंत्रज्ञान नाही. पत्र्यावर पांढरा हात फिरवला की खाली बसलेल्याला दोन-चार अंशांचा फरक पडतो, आणि तो फरक शेजाऱ्याच्या अंगावर टाकलेला नसतो.

आमच्या सोसायटीच्या दर वार्षिक सभेत एसीचा विषय निघतो. कुणाच्या तरी युनिटचं पाणी खालच्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकतं, मग पाइप कुठून न्यायचा यावर अर्धा तास जातो, ठराव होतो, सचिव तो लिहून घेतात. पाणी दिसतं, कपडे ओले होतात, तक्रार करणारा सभेला हजर असतो. तळमजल्यावर वॉचमनची खोली आहे, तिच्या एकुलत्या खिडकीसमोर पहिल्या मजल्याची तीन युनिटं तोंड करून आहेत. तो सभासद नाही.