कोणता कागद बुडवावा?

जुने टाकावे की जपावे, हा प्रश्न वारकऱ्याला वरवर सोपा वाटतो. देहसुद्धा इथेच ठेवून जायचे आहे, तिथे चार जुन्या कागदांचे काय घेऊन बसायचे? मुखी नाम आहे, गळ्यात माळ आहे, एवढे पुरे. पण आपल्या रावेतसारख्या गावात आज हा प्रश्न घरोघरी उभा राहतो आहे. पवनेकाठचे हे गाव. पालखीच्या मुक्कामाची आकुर्डी शेजारी, देहूही जवळच. शेताच्या जागी इमारती आल्या. जुने घर उतरवले की माळ्यावरचे गाठोडे खाली येते. त्यात पोथ्या असतात, आजोबांची भजनाची वही असते, सोंगी भारुडातली बोलणी असतात, कधी मोडीतले चार बंद असतात. फ्लॅटमध्ये जागा नसते आणि रद्दीत घालायला मन धजत नाही. मग कोणीतरी वडीलधारे म्हणतात, "नदीत सोडा, म्हणजे दोष लागत नाही."

यामागची भावना वाईट नाही. अक्षर पायदळी येऊ नये, हा आदरच आहे. पण आदराने केलेली प्रत्येक गोष्ट योग्यच असते का, हे विचारायला हवे.

याचे उत्तर तुकोबारायांच्या चरित्रातच आहे. इंद्रायणीच्या पाण्यात त्यांचे कागद दोनदा गेले. पहिल्यांदा त्यांनी ते आपण होऊन सोडले. ती होती सावकारीची खतपत्रे. धाकट्या भावाचा, कान्होबांचा, निम्मा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते बुडवली. ऋणको मोकळे झाले आणि स्वतः महाराजही मोकळे झाले. दुसऱ्यांदा बुडाल्या त्या अभंगांच्या वह्या. त्या मात्र त्यांनी खुशीने सोडल्या नाहीत. परंपरा सांगते, की महाराज तेरा दिवस अन्नपाण्यावाचून नदीकाठी बसून राहिले. नदी तीच, हात तेच, कागदही कागदच. मग एका वेळी समाधान आणि दुसऱ्या वेळी धरणे, असे का?

खतपत्र म्हणते, "हे माझे आहे, दुसऱ्याने मला द्यायचे आहे." अभंगाची वही म्हणते, "हे माझे नाही, मला दुसऱ्याला द्यायचे आहे." पहिला कागद धरून ठेवणे हा मोह, दुसरा सांभाळणे ही सेवा. बुडवायचा तो माझेपणाचा कागद. ठेव म्हणून आलेला कागद बुडवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

ठेव सांभाळणे म्हणजे काय, हे पाहायचे तर आपल्या नदीकाठापासून दूर, तमिळ मुलखातल्या तंजावरला जावे लागेल. शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजीराजे यांचे घराणे तिथे नांदले. तिथले सरस्वती महाल ग्रंथालय आज ४०,००० हून अधिक हस्तलिखिते सांभाळून आहे, त्यांत मराठी ३,००० हून अधिक. आपण शाळेत शिकलो, की मराठी नाटकाचा आरंभ १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'ने झाला. पण तंजावरच्या दप्तरांत व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांची मराठी नाटके निघाली. 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे त्यांतले एक. ती सतराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराची, म्हणजे सांगलीच्या दीडशे वर्षे आधीची.

त्याहून नवल 'देवेंद्र कुरवंजी'चे. कुरवंजी म्हणजे डोंगरात राहणारी, भविष्य सांगत फिरणारी स्त्री. तमिळ नृत्यनाटकांत ती येते. सरफोजीराजांच्या या मराठी नाटकात ती भविष्याऐवजी जगाचा भूगोल सांगते! वारकऱ्याला यात ओळखीची खूण दिसावी. नाथमहाराजांनी जोशी, वासुदेव, गोंधळी यांच्या तोंडून वेदान्त सांगितला. मोठे ज्ञान दारोदार फिरणाऱ्याच्या मुखी घालावे, ही रीत पैठणलाही होती आणि तंजावरलाही.

तंजावरचे राज्य १८५५ साली खालसा झाले. राजा गेला, दरबार गेला, नाटक करणारे आणि पाहणारेही गेले. दप्तरे मात्र राहिली. १९१८ साली ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. अवतीभवतीच्या मुलखाची भाषा तमिळ. तिथे मराठी दप्तर उलगडून वाचणारा विरळाच. तरी ते राखले गेले. आपल्याला वाचता येत नाही, आपल्या उपयोगाचे नाही, तरी उद्या कोणीतरी येईल म्हणून राखायचे, याहून निष्काम कर्म ते कोणते?

पण या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. ती नाटके दप्तरात सुरक्षित होती, म्हणून मराठी रंगभूमीला त्यांचा उपयोग झाला का? नाही. सांगलीला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागला. उलट तुकोबारायांचे अभंग लोकांच्या कंठात होते म्हणून घरोघरी राहिले. कागद कंठाविना झोपलेला असतो. मग कंठच पुरेसा, असे म्हणावे काय? तसेही नाही. कंठोकंठी जाताना पाठ बदलतो. ज्ञानेश्वरीत असेच अपपाठ शिरले, तेव्हा नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली. त्यासाठी जुन्या प्रती कोणीतरी जपलेल्या असाव्या लागतात. आज ज्या चाकणचे नाव काढले की कारखाने आठवतात, त्याच चाकणच्या संताजी महाराज जगनाड्यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. महाराज गाणार आणि संताजी लिहिणार. कंठ आणि कागद अशी ही जोडी आहे, ती तोडू नये.

म्हणून माळ्यावरचे गाठोडे खाली आले, तर नदीकडे जाण्याआधी ते एकदा उघडावे. मोडी असेल तर जाणकाराला दाखवावे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करीत आहे. पानांचे फोटो काढावेत. आणि आजोबांच्या वहीतले एक तरी भारूड येत्या एकादशीला मंडळात म्हणावे. सगळ्याच वह्या मोलाच्या निघतील असे नाही. पण न उघडता ते ठरवणारे आपण कोण?

मराठीत 'बुडवणे' हा शब्द पाण्यासाठी आहे आणि कर्जासाठीही. महाराजांनी खते बुडवली, तेव्हा त्यांनी दुसऱ्याला ऋणातून सोडवले. आपण न वाचता वही बुडवतो, तेव्हा पुढच्या पिढीचे आपल्याकडे असलेले देणे बुडवतो. खते बुडवावीत, देणे बुडवू नये.

रामकृष्ण हरी.