रवाळ उजेड

गणेशचवथीत सर्वण गावच्या घरी वीज गेली, की पुतण्या जत्रेतला लाल लेझर काढतो. (डोळ्यांत मारायचा नाही, हा दम दर वर्षी द्यावा लागतो.) भिंतीवरचा ठिपका स्थिरावला की नीट पाहावे. तो सपाट लाल नसतो, रवाळ असतो. चुना फासलेल्या चिऱ्याच्या बारीक उंचवट्या-खोलगटींवरून परतणाऱ्या लाटा मागेपुढे होतात. कुठे एकमेकींना उचलून धरतात, कुठे पुसून टाकतात. मूठ वळून तिच्या बारीक भोकातून पाहिले तर दाणे मोठे होतात. म्हणजे ते भिंतीला चिकटलेले नाहीत. प्रत्येकाच्या डोळ्यात त्याचे त्याचे दाणे पडतात. माझा नंबर उणेचा, म्हणून चष्मा काढून डोके हलवले की माझे दाणे उलटीकडे पळतात.

लेझर 1960चा, पण हा रवाळपणा जुना. 1877 मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल एक्सनरने श्वासाने धुरकटवलेल्या काचेतून मेणबत्तीचा उजेड पाहून त्याची नोंद केली. 1943 मध्ये रामन यांचे विद्यार्थी जी. एन. रामचंद्रन यांनी बंगळूरला असाच चढउतार तपासला, तो चंद्राभोवती पडतात तसल्या खळ्यांत. कोकणात अंगणालाही खळेच म्हणतात, हा आपला योगायोग.

होलोग्राफीवाल्यांना (उजेडाने त्रिमित चित्र टिपणाऱ्यांना) मात्र या दाण्यांनी छळले. होलोग्राफीचे जनक डेनिस गाबोर यांनी 1970 मध्ये ते घालवायचे कसे यावरच लेख लिहिला. मला मौज वाटते ती पुढच्यांची. त्यांनी दाणे घालवायचे सोडून त्यांनाच साक्षीला उभे केले. पृष्ठभाग केसाच्या दोनशेव्या हिश्शाइतका जरी हलला, तरी आधीच्या आणि नंतरच्या दाण्यांचा मेळ घालून ते ताडता येते. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला फर्शर आणि ब्रायर्स यांनी डोळ्याच्या पडद्याचे लेझरने फोटो घेतले. रक्त वाहते तिथे दाणे फोटो निघेपर्यंत सरकतात आणि पुसट होतात; जितके पुसट, तितका प्रवाह वेगाचा. फोटोग्राफर ज्याला हललेला फोटो म्हणून फेकून देईल, तोच इथे कामाचा.

यंदा मीही लेझरने माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळांच्या मांडवातले, तवशें (मोठी काकडी) पाहायचे ठरवले. पण टांगलेले ते झुलते, म्हणून जादा आणलेले एक पाटावर ठेवले आणि लेझर तांदळाच्या डब्यावर टेकवला. भिंतीवरचे दाणे गोठल्यासारखे असतात. तवशावरचे मंद आचेवरच्या पेजेसारखे खदखदत होते. सालीखालच्या पेशींत काही ना काही सरकत असते, त्याची ही हालचाल. वेलीवरून उतरवून तीन दिवस झाले होते.

‘‘काका, हे जिवंत आहे?’’ पुतण्याने विचारले.

‘‘थोडेसे,’’ मी म्हणालो.

दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो तरी खदखद चालूच होती. संध्याकाळी वहिनीने तवशें किसले आणि गूळ घालून तवसळी केली.