अस्पर्शित बेटाचा मोह

कॅरिबियन समुद्रातील साबा हे अवघे १३ चौरस किलोमीटरांचे डच बेट. वाळूचा विस्तीर्ण किनारा नसल्यामुळे प्रवाशांच्या झुंडींपासून ते बचावले आहे. ते सदैव असेच राहावे, असे आम्हांस प्रथम वाटले. परंतु खडकात कोरलेल्या ८०० पायऱ्या पाहून आम्ही वरमलो. एके काळी धान्यापासून सामानसुमानापर्यंत सारे काही याच वाटेने माणसांच्या डोक्यावरून वर जाई. येथे रस्ता होणे अशक्य, असा डच अभियंत्यांचा निर्वाळा होता. तथापि जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल या गृहस्थाने पत्रद्वारा ती विद्या शिकून घेतली आणि १९३८ साली रहिवाशांच्याच हातांनी काम आरंभिले. ज्या साधेपणाचे पाहुणा कौतुक करतो, त्याचे ओझे यजमानाच्या मस्तकी असते. सौंदर्य टिकावे, ही इच्छा निर्दोष खरी. पण त्याचे मोल किती द्यावयाचे, हे ज्याने ओझे वाहिले त्यानेच ठरवावे.