पंगतीला रक्तगट विचारू नये

गेल्या वर्षी आमच्या गावच्या सप्त्यात काल्याचे कीर्तन झाले आणि महाप्रसादाची पंगत बसली. आमच्या दिंडीतले एक वडीलधारे माळकरी पानावर बसले खरे, पण पोळीला हात लावीनात. आमटी त्यांनी बाजूला सारली, दह्याची वाटी शेजारच्याला दिली. चाळीस वर्षे विणा धरणारा माणूस प्रसादाला नाही म्हणतो, हे काही बरे लक्षण नव्हे. पंगत उठल्यावर मी त्यांना पारावर नेऊन विचारले. त्यांनी बंडीच्या खिशातून चार घड्यांचा एक कागद काढून माझ्या हातात दिला.

त्यांना साखरेचा आजार आहे. मुलगा नोकरीनिमित्त शहरात असतो. तिथल्या एका आहार सल्लागाराने रक्तगट पाहून तो कागद लिहून दिला होता. गट 'ओ'. गहू बंद, दूध-दही बंद, मसूर बंद. मांस मात्र रोज. त्यांच्या घरच्या माउलीचा गट 'ए' निघाला आणि तिला शाकाहार सांगितला. म्हणजे एका घरात, एका चुलीवर, एकीच्या रक्ताला माळ मानवते आणि एकाच्या रक्ताला मानवत नाही! साखरेच्या गोळ्याही त्यांनी पंधरा दिवसांपासून सोडल्या होत्या. "आहार बरोबर असला की गोळी लागत नाही" असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. शेवटी त्यांनी गळ्यातल्या माळेवर हात ठेवून विचारले, "म्हाराज, रगतच असं म्हणतंय, तर ही माळ इठ्ठलाच्या पायावर वाहून मोकळं व्हावं का?"

सज्जनहो, मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही, कारण त्यात माझाही दोष होता. दोन वर्षांपूर्वी मीच एका कीर्तनात अभिमानाने सांगितले होते की, 'ए' रक्तगटाच्या माणसाने शाकाहारच करावा असे परदेशातले शास्त्र म्हणते. पाहा, आपल्या संतांनी हे आधीच सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या शास्त्राचे अर्धेच पान वाचले होते. उरलेल्या अर्ध्या पानावर 'ओ' गटाला मांस लिहिले होते, आणि ते पान या माळकऱ्याच्या खिशात निघाले. आपल्या सोयीची अर्धी गोष्ट सत्य म्हणून सांगितली की तिची दुसरी बाजू कोणाच्या तरी गळ्याशी येते. तेव्हा पूर्ण पान वाचणे हे माझे प्रायश्चित्त होते. त्यातून जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

रक्तगट ही गोष्ट खरीच आहे. पूर्वी एकाचे रक्त दुसऱ्याला दिले की कधी रोगी वाचे, कधी तडफडून मरे, आणि कारण कळत नसे. व्हिएन्ना शहरातल्या कार्ल लँडस्टायनर या वैद्याने 1901 साली दाखवले की माणसांच्या रक्तात प्रकार आहेत. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या जातीचे सूक्ष्म कण असतात; त्या कणांवरून ए, बी, एबी आणि ओ हे गट ठरतात. न जुळणारे रक्त आत गेले तर शरीर त्या पेशींना परके समजून नष्ट करते. या शोधाने असंख्य प्राण वाचले, आणि 1930 साली लँडस्टायनरना नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तगटावरून आहार ठरवण्याची कल्पना मात्र पुष्कळ नंतरची. अमेरिकेतील पीटर डी'अॅडॅमो या निसर्गोपचारकाने 1996 साली त्यावर पुस्तक लिहिले आणि ते जगभर खपले. त्याचे म्हणणे असे की 'ओ' गट शिकारी पूर्वजांचा, म्हणून त्याला मांस, 'ए' गट शेतकऱ्यांचा, म्हणून त्याला धान्य-भाजी, 'बी' गट गुरे राखणाऱ्या भटक्यांचा, म्हणून त्याला दूध, 'एबी' मिश्र. 'बी' गटाला तर शेंगदाणे, तीळ, मसूर आणि टोमॅटोही वर्ज्य सांगितले आहेत. आपल्या बीड जिल्ह्यात 'बी' गटाच्या माणसाने संक्रांतीला तिळगूळ नाकारावा आणि भाकरीवरची शेंगदाण्याची चटणी काढून टाकावी, असा याचा अर्थ!

ही गोष्ट ऐकायला गोड आहे, पण पुराव्याला टिकत नाही. ए आणि बी हे भेद माकडांच्या कुळातही सापडतात. म्हणजे शेती आणि गुरेढोरे यांच्याहून ते लाखो वर्षांनी जुने आहेत. नांगर धरल्यामुळे रक्त 'ए' झाले, असे होऊ शकत नाही. कडधान्यातले काही पदार्थ रक्ताच्या गुठळ्या करतात असे ते पुस्तक म्हणते. पण डाळ-उसळ आपण भिजवून, शिजवून खातो आणि शिजवल्यावर ते पदार्थ बहुतांशी निकामी होतात. 2013 साली तोवरचे सगळे संशोधन चाळून पाहणाऱ्यांना या आहाराचा लाभ दाखवणारा पुरावा सापडला नाही. 2014 साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठाने 1,455 जणांचा आहार, रक्तगट आणि प्रकृती ताडून पाहिली. 'ए' गटासाठी म्हणून सांगितलेला भाजीपाल्याचा आहार जे घेत होते त्यांचे वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब ही मापे बरी होती. पण हा लाभ सर्व गटांच्या लोकांत सारखाच दिसला. आहार चांगला होता म्हणून गुण आला, त्यात रक्तगटाचा वाटा नव्हता.

मग काहींना या कागदाने बरे का वाटते? कारण कोणताही कागद हाती आला की माणूस मैदा, फरसाण, दिवसातून आठ वेळचा गोड चहा सोडतो आणि पोटात काय जाते याकडे लक्ष देतो. लाभ त्या लक्ष देण्याचा असतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात युक्त आहाराचा विचार आला आहे, आणि माउलींनी तो ज्ञानेश्वरीत उलगडून सांगितला आहे. सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस, तामस असे आहाराचे तीन प्रकार आले आहेत. तिथे अन्नाचे गुण आहेत, खाणाऱ्याची आवड आहे. कोण कोणाच्या पोटी जन्मला, हे नाही.

आता खरा प्रश्न. समजा उद्या एखाद्या संशोधनाने सिद्ध केले की मांसाने साखर दोन अंकांनी उतरते, तर माळ काढायची का? आणि उलट, आज शाकाहाराने रक्तदाब उतरतो असे दिसते, म्हणून का आपण माळ घातली आहे?

मला वाटते, इथेच आपली गल्लत होते. माळकऱ्याने मांस सोडले ते प्राण्यावरच्या दयेने. ज्याच्या ठिकाणी तोच पांडुरंग पाहायचा, त्याच्या मानेवर सुरी कशी ठेवायची, इतके साधे ते कारण आहे. हे कारण प्रयोगशाळेने सिद्धही होत नाही आणि खोडलेही जात नाही. आपणच त्याला 'शास्त्रही हेच म्हणते' असा टेकू लावतो. टेकू दुसऱ्याच्या मालकीचा असतो. त्याने काढून घेतला की आपले घर डगमगते. म्हणून व्रताच्या समर्थनासाठी अर्धवट शास्त्र सांगणे हा व्रताचाच अपमान आहे, असे मी आता मानतो.

यावर कोणी म्हणेल, मग व्रतासाठी देह झिजवायचा का? नाही. दया सर्व भूतांवर करायची, तर त्या भूतांत आपला देहही येतो. शाकाहारातल्या उणिवा झाकून ठेवू नयेत. बी-12 हे जीवनसत्त्व धान्यात किंवा भाजीत मिळत नाही; दूध-दह्यातून काही मिळते, ज्यांना तेही पुरेसे नाही त्यांनी तपासणी करून गोळी घ्यावी. हातापायाला मुंग्या, सततचा थकवा याकडे वय झाले म्हणून दुर्लक्ष करू नये. आपल्या जिल्ह्यातल्या माउल्या सहा-सहा महिने उसाच्या फडावर राबतात, पहाटे उठून मोळ्या बांधतात आणि सर्वांचे झाल्यावर उरलेले खातात. त्यांच्या अंगात रक्त कमी असते, ते काही 'ए' किंवा 'बी' मुळे नाही. बाजरीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी, वर लिंबाची फोड, आणि जेवणाला लागून चहा नको, एवढ्याने लोह अंगी लागायला मदत होते. पण मुख्य औषध हे की घरातल्या माउलीचे ताट पहिल्या पंगतीला वाढले जावे.

एकादशीचेही तसेच. 'एकादशी दुप्पट खाशी' असे आपले आपणच हसून म्हणतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. साखरेच्या रोग्याची साखर त्याने झपाट्याने चढते. उलट गोळ्या घेऊन दिवसभर उपाशी राहिले तर साखर एकदम उतरून घेरी येते. अशा माणसाने डॉक्टरला विचारून नियम सौम्य करावा. आणि गोळी ही अन्न नव्हे, ती घेतल्याने एकादशी मोडत नाही. परळीला आपण वैजनाथाच्या दर्शनाला जातो. देवालाच आपण वैद्यांचा नाथ म्हणतो, आणि अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातल्या वैद्याची चिठ्ठी फाडून टाकतो. ही भक्ती नव्हे.

आणखी एक गोष्ट मला बोचते. रक्तावरून पंगती वेगळ्या करण्याचा धंदा या देशाने फार पाहिला आहे. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाच्या शेजारी बसायचे, हे सगळे जन्मावरून ठरत असे. संतांनी वाळवंटात काल्याची दहीहंडी फोडली आणि एकमेकांच्या मुखात घास घालायला लावला. आता तोच भेद इंग्रजी अक्षरे लावून परत यायचा? आषाढीला मुक्ताईची पालखी बीडवरून जाते, शेगावची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते. हजारो वारकऱ्यांना गावोगावच्या माउल्या भाकरी आणि येसराची आमटी वाढतात. त्या कधी कोणाचे गोत्र विचारत नाहीत, गट तर नाहीच.

मग रक्तगट माहीत असावा कशासाठी? देण्यासाठी. 1952 साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण गट शोधला. त्याला जगभर 'बॉम्बे' रक्तगट म्हणतात. साध्या तपासणीत तो 'ओ' सारखा दिसतो, पण या माणसाला 'ओ' चे रक्तसुद्धा चालत नाही. फक्त त्याच गटाचे लागते. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एखादा असा असतो. त्याच्यासाठी दूरच्या गावचा एखादा अनोळखी माणूस उठून येतो, जात-धर्म न पुसता दंड पुढे करतो. गटाचे खरे प्रयोजन हे आहे. अठरा ते पासष्ट वयाचा, निरोगी, पंचेचाळीस किलोच्या वर वजनाचा आणि अंगात पुरेसे रक्त असलेला माणूस रक्त देऊ शकतो. पुरुषाने तीन महिन्यांनी, स्त्रीने चार महिन्यांनी पुन्हा द्यावे. माळकऱ्याचे रक्त मांसाहारी माणसाला चालते, त्याचे माळकऱ्याला चालते. रक्ताला माळ नसते आणि विटाळही नसतो.

पारावर त्या दिवशी मी एवढे सगळे बोललो नाही. मी आधी माझी चूक कबूल केली, मग म्हणालो, "बाबा, माळ तुम्ही साखर उतरावी म्हणून घातली होती का?" ते बराच वेळ गप्प राहिले. म्हणाले, "न्हाई. माझ्या बापानं बोकड कापताना पाह्यला होता मी. त्या दिवशी घातली." मी म्हणालो, "मग ती रक्तगटाला विचारून काढायची कशाला?"

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. साखर फार चढली होती. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. भाकरी मोजून, भाजी आणि डाळ जास्त, गोड बंद, रोज तासभर चालणे, असे सांगितले. "चालायचं काय सांगता, आम्ही वारकरीच," असे म्हणून ते हसले. त्यांचे पायाचे एक बोट बधिर झाले आहे. ते पंधरा दिवसांमुळे की आधीपासून, देव जाणे. पण माझ्या टाळ्यांच्या वाक्याची आठवण मला त्या बोटाकडे पाहून होते.

यंदाच्या सप्त्यात काल्याच्या आदल्या दिवशी आम्ही रक्तदान ठेवले. त्यांचा मुलगा शहरातून आला होता. त्याचाही गट 'ओ'च. त्याने रक्त दिले आणि मग वडिलांच्या शेजारी पंगतीला बसला. बाबांनी अर्धीच पोळी घेतली, पण प्रसाद म्हणून घेतली.

रामकृष्णहरी.